1600 : खानदेशच्या फारुकी राज्याचं शेवटचं वर्ष

शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला जुने मकबरे आहेत. त्यातला एक आठकोनी. आपल्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, थाळनेरला क्वचितच. हे मकबरे फारुकी सुलतानांचे. हे घराणं स्वतःला हजरत उमर फारूक (रजि.) यांचे वंशज म्हणवायचं, म्हणून नाव फारुकी. 1382 ते 1601, म्हणजे 219 वर्षं त्यांनी खानदेशावर राज्य केलं. आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर ही राजधानी. बुऱ्हाणपूर हे नाव खुलताबादला आराम करत असलेल्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांच्यावरून पडलं.

मुलं मोबाइलवर पाहून विचारतात, त्या काळात सगळ्या लढाया हिंदू-मुसलमानांच्याच होत्या का? आपण त्यांना या राज्याचं शेवटचं वर्ष सांगावं.

राज्य छोटं होतं. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला अहमदनगर, आणि माळवा-गुजरात अकबराने घेतलेले. राजा अली खान हा समजदार सुलतान होता. त्याने अकबराचं वर्चस्व मानलं आणि राज्य वाचवलं. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्याचीच. तिच्यात अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, त्यात फारुकींची वंशावळ दिली आहे. मशिदीत संस्कृत! वर्गात हे सांगितलं की मुलं दोनदा विचारतात, खरंच का सर?

1597 मध्ये आष्टीच्या लढाईत तो मुघलांच्या बाजूने लढता लढता मारला गेला. तो दिसेना, तेव्हा शत्रूला मिळाला असं समजून मुघल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. प्रेत नंतर सापडलं. गादीवर मुलगा बहादूर आला. बापाच्या वफादारीचं हे फळ पाहिल्यावर त्याचं मन मुघलांवरून उडालं असेल तर नवल नाही. पण पुढे त्याने जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं, असं आम्हाला वाटतं. शहजादा दानियालच्या भेटीला तो गेला नाही, असीरगडावर जाऊन बसला.

1600 च्या एप्रिलमध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला. शहर न लढता मिळालं. असीरगड तिथून उत्तरेला सुमारे 20 किलोमीटर. गड इतका मजबूत की तोफांनी काम होईना. वेढा महिनोन्‌महिने चालला. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं, चांदबीबी त्याआधीच आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. म्हणजे दक्षिणेकडून मदतीची आस संपली. गडात माणसं आणि जनावरं कोंडलेली, त्यात साथ पसरली. डिसेंबरमध्ये बहादूर बोलणी करायला खाली उतरला, तो परत गेलाच नाही. तरी आतले लोक लढत राहिले. 17 जानेवारी 1601 ला गड पडला.

कसा पडला, यावर दोन बाजू आहेत. अबुल फजल स्वतः मोहिमेत होता. त्याच्या लिखाणात साथ आणि शरणागती आहे. अकबरासोबत आलेल्या जेसुइट पाद्र्यांच्या हकिकतीत वेगळंच आहे : बोलणीला आलेल्याला अडकवलं आणि आतल्या सरदारांना पैसा चारला. दरबारी माणूस बादशाहची बाजू घेणार, आणि पाद्र्यांचेही आपले हिशेब होते. मुलांना दोन्ही सांगावं आणि ठरवू द्यावं. एवढं मात्र पक्कं की तंबूतही मुसलमान होते आणि गडावरही. भांडण सत्तेचं होतं.

साध्या रयतेचं काय झालं, हे दरबारी पुस्तकात कमीच येतं. आईन-ए-अकबरीत इथल्या ज्वारीचं वर्णन आहे, काही ठिकाणी वर्षाला तीन पिकं येतात असं. धरणगावच्या कापडाचाही उल्लेख आहे. म्हणजे बादशाहला हा मुलूख का हवा होता, ते धरणगावच्या माणसाला वेगळं समजवायला नको.

बहादूरला कैद करून ग्वाल्हेरला पाठवलं. खानदेश दानियालला मिळाला आणि त्याच्यावरून नवं नाव पडलं, दानदेश. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर ते कोरलेलं आहे, पूर्वी याला खानदेश म्हणत असंही तिथे लिहिलंय. दानियाल 1605 मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला. नवं नाव काही टिकलं नाही.