सोळा मिलिसेकंदांची मुदत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आला. वर्षभर साठवलेले आणि परीक्षेतील यशाबद्दल वडिलांनी दिलेले असे मिळून साठ हजार रुपये त्याच्यापाशी जमले होते, आणि तेवढ्या रकमेत, सुटे भाग आणून, खेळ खेळण्याजोगा संगणक घरीच जुळवावयाचा असा त्याचा संकल्प होता. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड अशा सर्व बाबी त्याने कागदावर तपशीलवार मांडल्या होत्या. प्रोसेसरपुढची जागा तेवढी कोरी होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "मामा, सहा कोअरचा घेऊ की आठ कोअरचा? दुकानदार म्हणतो, जितके जास्त तितके चांगले."

दुकानदार खोटे सांगत होता असे मी म्हणणार नाही. चित्रफितींचे संपादन करणे, मोठ्या फायली आकुंचित करणे अशा कामांत त्याचे म्हणणे बहुतांशी खरे ठरते. परंतु खेळाचे काम जातीनेच निराळे आहे, आणि ते निराळेपण कशात आहे हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्या कोऱ्या जागेत काय लिहावे हा प्रश्न निम्माशिम्मा सुटतो, अशी माझी धारणा असल्यामुळे, उत्तर देण्यापूर्वी मी त्याला समोर बसवून घेतले.

खेळातली गाडी पडद्यावर पळताना दिसते ती वस्तुतः पळत नसते. एका सेकंदात साठ स्थिर चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात, आणि त्या प्रत्येक चित्राला, म्हणजे फ्रेमला, १६.६७ मिलिसेकंद एवढीच मुदत मिळते. या मुदतीत खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहावयाचे, गाडी भिंतीला धडकली की नाही ते ताडावयाचे, प्रतिपक्षाचे सैनिक आता कोणीकडे वळतील ते ठरवावयाचे, आणि हे सर्व झाल्यावर कोणती वस्तू कोठे रेखाटावी याचे हुकूम लिहून ग्राफिक्स कार्डाकडे रवाना करावयाचे, हे काम प्रोसेसरचे. कार्ड ते हुकूम वाचून १९२० × १०८० च्या पडद्यावरील २०,७३,६०० ठिपक्यांना रंग देते, आणि ते एक चित्र रंगवीत असताना प्रोसेसर पुढल्या चित्राच्या तयारीस लागलेला असतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या गतीने खेळ चालतो. दुसरा कितीही चपळ असला तरी त्याला स्वस्थ बसून राहावे लागते. मुदत टळली तर आधीचेच चित्र पडद्यावर राहते आणि डोळ्यांना हिसका जाणवतो.

म्हणूनच खेळाच्या बाबतीत सरासरीवर विसंबू नये. सेकंदाला शंभर फ्रेमांची सरासरी गाठणाऱ्या यंत्रालाही, त्यांतल्या एखाद्या फ्रेमला पन्नास मिलिसेकंद लागले, तर ठेच लागतेच. प्रोसेसरांच्या तुलनेचे तक्ते वाचताना मोठ्या अक्षरांतल्या सरासरीखाली 'वन पर्सेंट लो' म्हणून जो लहान आकडा दिलेला असतो, म्हणजे सर्वांत मंद अशा एक टक्का फ्रेमांचा जो हिशेब असतो, तो मी आधी पाहतो.

पडद्याचा प्रश्नही येथेच येतो. १९२० × १०८० च्या जागी ३८४० × २१६० चा पडदा आणला की ठिपके ८२,९४,४०० होतात. कार्डाचे काम चौपट वाढते, पण भिंती तेवढ्याच आणि सैनिकही तेवढेच असल्यामुळे प्रोसेसरच्या कामात फारसा फरक पडत नाही. उलटपक्षी सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा मॉनिटर घेतला तर मुदतच ६.९४ मिलिसेकंदांवर येते, आणि तिचा भार प्रोसेसरवरही तितकाच पडतो. भाच्याच्या घरी सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा साधा मॉनिटर होता. ही हकीकत कळताच साठ हजारांतील मोठा हिस्सा कार्डाकडे जावा आणि प्रोसेसरसाठी एक पंचमांशाच्या आसपास तरतूद असावी, असे मी त्याला सांगितले.

त्यावर त्याने, प्रत्येक खोक्यावर ठळकपणे छापलेला असतो त्या गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देते त्या, आकड्याविषयी विचारले. या आकड्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९७१ साली इंटेलचा ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे साडेसात लक्ष ठोके देत असे. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर लहान करीत गेले असता त्याच प्रमाणात विद्युद्दाबही उतरवता येतो, आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत, तेवढ्याच उष्णतेत, अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवता येतात. या नियमावर तीस वर्षे सगळा उद्योग चालला. परंतु ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाले तेव्हा ते बंद असतानाही वीज झिरपू लागली, दाब आणखी उतरवणे अशक्य झाले, आणि २००४ साली ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचलेला पेंटियम ४ पुढे ४ चा उंबरठा ओलांडू शकला नाही. वीस वर्षांनंतरही माफक किमतीचे प्रोसेसर साडेचारच्या आसपासच आहेत, ते यामुळे. अर्थात त्याच एका ठोक्यात आजचा प्रोसेसर तेव्हापेक्षा कितीतरी अधिक काम उरकतो, आणि म्हणून निरनिराळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्‌झ एकमेकांशी ताडून पाहण्यात काही हशील नाही.

वेग वाढेना तेव्हा कारखानदारांनी कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले स्वतंत्रपणे काम करणारे हात, वाढवले. येथे १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला विचार आठवावा. एखाद्या कामाचा साठ टक्के भाग अनेकांत वाटून देता येतो आणि चाळीस टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो, असे उदाहरणादाखल धरले, तर सहा कोअर लावल्याने ते काम दुप्पट वेगाने होते. बारा लावल्याने मात्र २.२२ पट, आणि कोअर अगणित केले तरी अडीच पटीपलीकडे मजल जात नाही. खेळात हा न वाटता येणारा भाग मोठा असतो, कारण गाडी धडकली की नाही हे ठरल्यावाचून तिचा चुरा कसा उडावा हे ठरत नाही. भाच्याला सहा कोअर पुरेत असे मी म्हणालो त्याचे कारण हे. चार मात्र आता अपुरे वाटतात, कारण २०२० पासूनचे प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांत आठ कोअर असल्याने, त्यांच्यासाठी लिहिलेले मोठे खेळ काम अनेक हातांत वाटले जाईल हे गृहीत धरूनच रचले जातात.

आता मुख्य गोष्ट. प्रोसेसरच्या दिनक्रमातला पुष्कळसा वेळ काम करण्यात जात नसून वाट पाहण्यात जातो. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले पेशवे दप्तर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे चटकन उमगेल. कारकुनाच्या पुढ्यातल्या मेजावरचा कागद हात लांबवताच मिळतो. पाठीमागच्या कपाटातला उठून आणावा लागतो. आणि दप्तरखान्यातल्या रुमालातला हवा असेल तर शिपाई धाडून, तो परत येईतो, लेखणी खाली ठेवून बसावे लागते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरात प्रत्येक कोअरच्या मेजावर माहितीसाठी ३२ किलोबाइटांची जागा आहे आणि तिथला कागद चार ठोक्यांत हाती येतो; जवळच्या ५१२ किलोबाइटांच्या कपाटातून आणावयास सुमारे बारा ठोके लागतात; सर्वांना सामाईक असलेल्या ३२ मेगाबाइटांच्या मोठ्या कपाटातून, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या कॅशेतून, आणावयास चाळीस-पन्नास; आणि तिथेही न सापडल्यास बाहेरच्या रॅमपर्यंत जाऊन येण्यास तीनशेहून अधिक. सेकंदाला ४४० कोटी ठोके देणाऱ्या या यंत्राचा एक ठोका इतका अल्प असतो, की तेवढ्या अवधीत प्रकाशही चार बोटांहून दूर जाऊ शकत नाही. हाच ठोका एक सेकंदाचा धरला, तर रॅमची एक खेप म्हणजे पाच मिनिटांहून अधिक काळ हातावर हात ठेवून बसणे होय.

मग सगळीच माहिती कपाटात का ठेवू नये? रॅममध्ये एक अंक साठवावयास एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कण धरून ठेवणारा एक धारक, एवढ्यावर भागते. ही युक्ती डेनार्ड यांचीच, वर सांगितलेल्या नियमाच्याही आधीची. आणि ज्या गृहस्थांनी प्रोसेसरला धावण्याचा मार्ग आखून दिला, त्यांच्याच दुसऱ्या शोधापाशी तो प्रोसेसर आज खोळंबून राहतो, हा योग मला फार विलक्षण वाटतो. धारकातला भार गळून जातो, म्हणून तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. ही स्मृती स्वस्त, पण मंद. कॅशेतील एका अंकाला मात्र सहा ट्रान्झिस्टर लागतात. म्हणजे ३२ मेगाबाइटांच्या त्या एका कपाटापायी १६१ कोटी ट्रान्झिस्टर खर्ची पडतात, आणि ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ते कोरलेले असतात त्यावरचे एकंदर ट्रान्झिस्टरच सुमारे ४१५ कोटी आहेत. आठ बिऱ्हाडांच्या वाड्यात एवढी जागा नुसत्या कोठारासाठी राखून ठेवणारा मालक तिचे महत्त्व जाणूनच तसे करीत असला पाहिजे. (आठ म्हणण्याचे कारण असे, की ५६०० मधील तुकड्यावर मुळात आठ कोअर असतात आणि दोन बंद करून तो सहाचा म्हणून विकला जातो, कोठार मात्र पूर्ण मिळते. किफायतीचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही.)

खेळाला या कोठाराची गरज विशेष असते, कारण शेकडो वस्तूंची माहिती स्मृतीत विखुरलेली असते आणि खेळाडू पुढच्या क्षणी कोणीकडे वळेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे, लागणारे कागद अगोदर मागवून ठेवण्याची तजवीज वारंवार फसते. याचा निर्विवाद दाखला एप्रिल २०२२ मध्ये मिळाला. एएमडीने आपल्या ५८०० एक्स या आठ कोअरच्या प्रोसेसरवर ६४ मेगाबाइटांचा आणखी एक मजला चढवून ५८०० एक्स ३डी बाजारात आणला. कोअर तितकेच, कमाल वेग तर ४.७ गिगाहर्ट्‌झवरून ४.५ वर उतरलेला. वाढले ते केवळ कोठार. आणि बहुतेक खेळांत या मंद भावाने चपळ भावाला मागे टाकले.

इतके बोलणे झाल्यावर आम्ही नावे तपासली. रायझन ५ ५६०० आणि ५५०० या नावांत शंभराचा फरक दिसतो. दोहोंत सहा कोअर, वेगातही किरकोळच अंतर. पण ५५०० चे कोठार १६ मेगाबाइटांचे, म्हणजे निम्मे, आणि कार्डाशी जोडणारा त्याचा मार्गही एक पिढी जुना. किमतीतला फरक थोडा असेल तर ५५०० कडे मी वळणार नाही. इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ, सहा कोअर आणि १८ मेगाबाइटांचा, तोडीस तोड आहे, आणि त्या दिवशी ज्याची मदरबोर्डासह किंमत कमी पडेल तो घ्यावा असे माझे प्रामाणिक मत होते. त्याच्या नावातला 'एफ' म्हणजे अंतर्गत ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही ते नाही, तेव्हा कार्ड नंतर घेऊ म्हणणाऱ्याला पडदा काळाच दिसेल. एएमडीची २०२२ पासूनची एएम५ ही प्रोसेसर बसवण्याची नवी बैठक घेतली असती तर पुढे प्रोसेसर बदलण्यास अधिक वाव राहिला असता. परंतु तिला डीडीआर५ रॅमच लागते, आणि मदरबोर्ड व रॅम यांचा वाढीव खर्च कार्डाच्या वाट्यातून निघाला असता. २०१६ पासून चालत आलेल्या एएम४ वरच, आणि म्हणून ५६०० वरच, थांबावयाचे आम्ही ठरवले.

रॅमविषयी एक आग्रह मी धरला, तो असा, की १६ गिगाबाइटांची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइटांची ने-आण करू शकते. दोन स्वतंत्र मार्गांवर दोन बसवल्या की ५१.२. शिवाय बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ही रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय चालू केल्यावाचून रॅम पुष्कळदा आपल्या नोंदलेल्या वेगापेक्षा बरीच खाली चालते, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर झाली. एका दुकानात तोच प्रोसेसर खोक्याविना, ज्याला तिथे 'ट्रे' म्हणतात तसा, काहीसा स्वस्त मिळत होता. पण सीलबंद खोक्याबरोबर पंखा येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, हे लक्षात घेऊन भाच्याने स्वतःच खोके निवडले आणि पक्के बिल मागून घेतले. घरी आल्यावर त्या चौकोनी तुकड्याच्या १,३३१ सोनेरी पिना उजेडात धरून तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून, जराही दाब न देता, त्याने तो अलगद सोडला, आणि तो आपल्या वजनानेच खाली बसल्यावर तरफ मिटली.

रात्री खेळ सुरू झाल्यावर मी त्याला एक परीक्षा करावयास सांगितली. पडद्याशी मेळ घालणारी व्ही-सिंक ही सोय बंद करून फ्रेमांचा आकडा टिपावयाचा, नंतर चित्राचे माप १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर उतरवून तो पुन्हा पाहावयाचा. आकडा हलला नाही तर प्रोसेसर अडला आहे, चढला तर कार्ड. आकडा चढला. "म्हणजे कार्डच मागे पडतंय, प्रोसेसर त्याच्यासाठी थांबलाय," भाचा म्हणाला, आणि चित्र पूर्वीच्या मापावर आणून त्याने कॅबिनेटच्या झाकणाचे स्क्रू आवळावयास घेतले.