आखाताची नोकरी आणि उचल

अंधेरीच्या सहार विमानतळावर रात्री गेलात, तर आखाताकडे निघालेले गवंडी, सुतार, वेल्डर कागदपत्रांची पिशवी उराशी धरून बसलेले दिसतील. त्यांच्या डोक्यावरचे कर्ज मात्र दिसायचे नाही.

पूर्वी मालक गड्याला उचल देई आणि ती फिटेपर्यंत त्याला बांधून ठेवी. १९७६ च्या कायद्याने ही वेठबिगारी निदान कागदोपत्री संपली. आखाताच्या वाटेवर उचल सावकार देतो आणि ती जाते एजंटाच्या खिशात. परवानाधारक एजंटाला नियमाप्रमाणे कामगाराकडून ३०,००० रुपये व वर जीएसटी, एवढेच घेता येते. प्रत्यक्षात किती मागतात, ते ज्याने दिले त्यालाच विचारावे!

तिकडे उतरल्यावर पुष्कळदा मालक पासपोर्ट काढून घेतो. वास्तविक पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता. पण 'कफाला' पद्धतीत राहण्याचा परवानाच मालकाशी जखडलेला. पगार थकला म्हणून काम सोडले, की माणूस बेकायदा ठरतो. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली. कर्ज त्याने फिटत नाही.

तेव्हा पैसे मोजण्याआधी एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्यावा, पावती मागावी आणि कराराची व पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवून निघावे.