हवेवर चालणारी अवजारे : दोष अवजाराचा की हवेचा?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळा, एस. टी.ची आगारे आणि तालुक्याच्या गावची गॅरेजेस येथे दाबाच्या हवेवर चालणारी अवजारे आता परिचयाची झाली आहेत. चाकाचे नट क्षणात सोडविणारी इम्पॅक्ट रेंच (कारागीर तिला नुसते ‘गन’ म्हणतात), ग्राइंडर, ड्रिल आणि रंगाची स्प्रे-गन ही त्यांपैकी प्रमुख होत. अवजार हलके असते आणि भार अधिक पडला तरी जळत नाही, नुसते थांबते. तंत्र तसे जुनेच आहे. आल्प्स पर्वतातील मों सेनी बोगद्यात 1861 पासून दाबाच्या हवेवरील छिद्रयंत्रे वापरण्यात आली आणि 1871 मध्ये तो बोगदा रेल्वेला खुला झाला.

ही अवजारे सहसा एकाएकी मोडत नाहीत. त्यांची शक्ती हळूहळू कमी होते, मग ती कपाटात जातात आणि यथावकाश निर्लेखनाच्या यादीत येतात. प्रशिक्षणार्थ्याला मात्र ते अवजार हाती न घेताच परीक्षेस बसावे लागते. वस्तुतः पुष्कळदा बिघाड अवजारात नसतोच; तो त्याला मिळणाऱ्या हवेत असतो.

पाणी येते कोठून?

तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. कॉम्प्रेसर साधारणतः आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवितो. जागा आठव्या हिश्शावर येते. बाष्प मात्र तेवढेच राहते. हवा निवताच जास्तीचे बाष्प पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. कोकणातील आषाढाची हवा घ्या. आर्द्रता 80 टक्के धरली, तर मिनिटाला 500 लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाभरात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी तयार करतो. टाकीच्या तळाच्या तोटीतून ते दररोज सोडले नाही, तर नळीवाटे अवजारात शिरते, वंगण धुऊन नेते आणि पोलादी भागांना गंज चढवते. तोटी उघडण्यास मिनिटही लागत नाही. पण ते काम कोणाचे, हे ठरलेले नसल्यामुळे ते राहून जाते. पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला बरा.

टाकीनंतर गाळणी, दाबनियंत्रक व तेलपात्र हा क्रम असावा. स्प्रे-गनच्या वाहिनीवर मात्र तेलपात्र बसवू नये. तेलाचा अंश रंगात उतरला की पृष्ठभागावर फोड दिसतात. बहुतेक हाती अवजारांना दर चौरस इंचास 90 पौंड दाब लागतो. तो अवजार चालू असताना मोजावा. अवजार बंद असताना काटा पूर्ण दाब दाखवितो आणि चालू होताच खाली येतो. अशा वेळी दोष बहुधा अरुंद किंवा फार लांब नळीचा असतो.

दुरुस्तीचा क्रम

गन किंवा ग्राइंडरच्या आत एक चक्र असते व त्याच्या खाचांत सरकणारी पातळ पाती असतात. हवेच्या दाबाने पाती बाहेर टेकतात आणि चक्र फिरते. पाणी व जुने तेल यांचा चिकटा झाला की पाती खाचांत अडकतात. म्हणून अवजार उघडण्यापूर्वी हवेच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी साफ करावी, वायु-अवजारांसाठीच्या हलक्या तेलाचे काही थेंब सोडावेत आणि अवजार थोडा वेळ मोकळे फिरवावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. इंजिनाचे जाड तेल कदापि वापरू नये. चिकटा त्यानेच वाढतो.

तरीही गती आली नाही, तर हवा तोडून, नळीतील दाब सोडून मगच अवजार उघडावे. झिजलेली किंवा कडा तुटलेली पाती एकेक न बदलता संपूर्ण संच बदलावा. जोडताना सुटे भाग ज्या बाजूने निघाले त्याच बाजूने बसवावेत. ग्राइंडरच्या बाबतीत दुरुस्तीनंतर फेऱ्यांचा वेग मोजणे अत्यावश्यक आहे, कारण चाकावर छापलेल्या मर्यादेपेक्षा वेग वाढल्यास चाक फुटून प्राणावर बेतते. गनला साधे हातपान्याचे सॉकेट लावणेही तितकेच घातक. तिच्यासाठी वेगळे जाड सॉकेट मिळतात.

कपडे झटकण्यासाठी हवेचा झोत अंगावर घेण्याची खोड मुलांना लवकर लागते. हा झोत डोळ्याला इजा करतो आणि जखमेवाटे शरीरात शिरल्यास जिवावरही उठतो. निदेशकांनी याबाबत पहिल्याच दिवशी ताकीद द्यावी.

गळतीकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण हवा दिसत नाही व तिचे बिलही वेगळे येत नाही. तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून नेहमीच्या दाबाखाली जी हवा जाते, तिच्यासाठी सुमारे 3 किलोवॅट वीज खर्ची पडते. कर्मशाळा सुटल्यावर, यंत्रे शांत असताना, टाकी भरलेली ठेवून सांध्यांपाशी कान द्यावा. शंका आली तेथे साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की सांधा सापडला.