आजीचा पाव हिस्सा

स्वकमाईचा फ्लॅट मागे ठेवून एखादा हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई राहिली, तर फ्लॅटचे मालक कोण? घरात विचारले तर उत्तर येते, ‘पत्नी’. फार तर ‘पत्नी आणि मुले’. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आईलाही पहिल्या वर्गाच्या वारसांत धरतो (वडिलांना मात्र नाही) आणि चौघांना सारखा पाव हिस्सा देतो. आजी घरातच असते, म्हणून तिचा हिस्सा कागदावर मांडायचे कोणाला सुचत नाही. पुढे आजीही जाते. आजोबा आधीच गेलेले असतील आणि तिला आणखी एक मुलगा व एक मुलगी असेल, तर तिच्या पाव हिश्शाचे तीन भाग पडतात. काका आणि आत्या फ्लॅटच्या प्रत्येकी बाराव्या हिश्शाचे मालक होतात, तिसरा भाग नातवंडांकडे येतो, सुनेला त्यातले काहीच मिळत नाही. कोणी कोणाशी भांडलेले नाही, तरी फ्लॅट विकताना चारऐवजी पाच सह्या लागतात. काका गेले की त्यांच्या घरातल्या सह्या वेगळ्या.

वकील लागतो तो इथे, आणि भांडायला नव्हे, मोजायला. कारण ही मोजदाद दुसरे कोणीच करत नाही. बँक आपल्या खात्यापुरते पाहते, सोसायटी भागदाखल्यापुरते, तलाठी सातबाऱ्यापुरते. प्रत्येक खिडकीवर ‘नॉमिनी कोण?’ किंवा ‘वारस नोंद झाली का?’ एवढेच विचारतात आणि काम झाले की वाटणीही झाली असा घरच्यांचा समज होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३मध्ये सरबती देवी प्रकरणात विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात शेअर्सबाबत सांगितले की, नॉमिनी पैसे किंवा रोखे स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याने ठरते. (विम्यात २०१५च्या दुरुस्तीने पती-पत्नी, आईवडील व मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचा हक्क दिला, हा अपवाद.) महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही आता वारस नोंदले जाईपर्यंत नॉमिनी तात्पुरताच सभासद असतो. फेरफार नोंद महसुली कामासाठी असते, तिने मालकी मिळत नाही. बँकेतील रक्कम व रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, स्थावरासाठी चक्क १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला, असे दरवाजे वेगवेगळे. शेजारच्या गोव्यात ‘इन्व्हेंटरी’ची न्यायालयीन प्रक्रिया आहे. तिथे सगळी मालमत्ता आणि देणी एका यादीत येतात आणि वाटणी तिथेच होते. आपल्याकडे मृत्यूनंतर आपोआप अशी यादी मागणारे कोणी नाही, म्हणून ती कुटुंबानेच करून घ्यायची. देण्यांसह करायची, कारण वारस मृताचे कर्ज फेडायला बांधील असतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच.

‘आमच्यात वाद नाही, मग वकील कशाला?’ हा आक्षेप नेहमीचा. पण वाद नसतो तेव्हाच सगळ्यांच्या सह्या एका बैठकीत मिळतात. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. नॉमिनी असलेल्या साध्या बँक खात्यासाठी मृत्यू दाखला आणि दाव्याचा अर्ज सहसा पुरतो. तिथेही कोर्टात चला म्हणणाऱ्या वकिलाकडे संशयाने पाहावे. स्थावर मालमत्ता, अज्ञान वारस किंवा हक्कसोडपत्र आले की मात्र काटकसर महागात पडते. अज्ञान मुलाच्या वाट्याचे स्थावर न्यायालयाच्या परवानगीविना विकले, तर तो सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून मागू शकतो. स्थावरातील हक्कसोड नोंदणीकृतच लागते आणि एकदा झाल्यावर ती सहजी मागे घेता येत नाही. बहीण भावासाठी हक्क सोडते तेव्हा हक्कसोडपत्राचा मसुदा बहुधा भावाने नेमलेल्या वकिलाने केलेला असतो. तो वकील भावाचा असतो, बहिणीचा नव्हे, आणि यात त्याची लबाडी असेलच असे नाही. म्हणून बहिणीने सहीपूर्वी स्वतंत्र सल्ला घ्यावा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते आणि त्यात नुसता सल्लाही बसतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हक्कसोडपत्राच्या मसुद्यासोबत तो अर्ज मात्र बहिणीच्या हाती कोणी देत नाही.