चामडी जाकीट आणि थंडी

चामडी जाकीट हे कमावलेल्या कातड्याचे (मुख्यतः मेंढी, शेळी, म्हैस) शिवलेले वरचे वस्त्र होय. ते थंडीत उबदार असते हा समज अर्धाच खरा आहे. चामडे वारा अडवते; ऊब धरण्याचे काम मात्र आतील अस्तर आणि कपडे करतात.

ऊब आणि वारा

शरीराची उष्णता टिकते ती वस्त्रात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. जाकिटाचे चामडे साधारण १ मिलिमीटर जाडीचे व घट्ट असते. त्यात हवेला जागा थोडीच उरते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर देऊन शिवलेली वऱ्हाडी वाकळ म्हणूनच घरात बसलेल्या माणसाला नुसत्या चामड्याहून अधिक ऊब देते. वाऱ्यात चित्र उलटते. हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने दुचाकी चालविणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ते ५ ते ६ अंशांइतके जाणवते. स्वेटरच्या विणीतून हा वारा आरपार शिरतो, चामड्यातून शिरत नाही. स्वेटरवर चामडी जाकीट घातल्यास दोन्ही उणिवा भरून निघतात.

अमेरिकी लष्कराने हा भेद ओळखला होता. वैमानिकांसाठी १९३१ मध्ये स्वीकारलेले ‘ए-२’ जाकीट पातळ अस्तराचे होते. अतिउंचीवरील कडाक्याच्या थंडीसाठी १९३४ मध्ये आतून लोकर राखलेल्या मेंढीच्या कातड्याचे ‘बी-३’ आणावे लागले.

वऱ्हाडातील हिवाळा

अकोला-अमरावतीच्या सपाट प्रदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बहुधा १० ते १५ अंशांवर असतो; उत्तरेकडून थंडीची लाट आली की तो १० अंशांखाली उतरतो. दुपारी मात्र तो ३० अंशांच्या आसपास जातो आणि सकाळचे जाकीट हातावर घेऊन हिंडावे लागते. पहाटेच्या दुचाकी प्रवासाला, विशेषतः परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, चामडी जाकीट खरे उपयोगी पडते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे.

रात्री ओलितासाठी शेतात जाणाऱ्याची गरज निराळी आहे. कृषिपंपांना पाळीने वीज मिळत असल्याने गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे काम पुष्कळदा ऐन थंडीच्या रात्री करावे लागते. तेथे चामडे पाणी शोषून जड होते, ओले झाल्यावर उष्णता अधिक वेगाने बाहेर सोडते आणि वाळल्यावर कडक पडते. सुती कपडाही भिजला की ऊब गमावतो. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते; त्यामुळे या कामासाठी लोकरी स्वेटर, वर पाणी न शिरणारे आवरण आणि पायांत गमबूट ही महागड्या जाकिटापेक्षा अधिक भरवशाची सोय आहे.