ई-मेलच्या पत्त्यालाही पत असते

हुंडीला मोल असे ते कागदामुळे नव्हे, तर ती लिहिणाऱ्या पेढीच्या नावामुळे. आज दरपत्रके, बिले आणि येण्याच्या आठवणी ई-मेलने जातात; तेथेही नावाचीच पत पाहिली जाते. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हानंतर येणारे नाव म्हणजे व्यवसायाचे डोमेन. ते नकोशा पत्रांचे, अर्थात स्पॅमचे, उगमस्थान म्हणून काळ्या यादीत गेले, तर दरपत्रक ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. ग्राहकाला वाटते, व्यापाऱ्याने दखलच घेतली नाही. व्यापाऱ्याला वाटते, ग्राहकाचा विचार बदलला.

या याद्या सहसा सरकार करीत नाही. १९९८ मध्ये लंडन येथे सुरू झालेली ‘स्पॅमहाउस’ ही त्यांतील सर्वांत परिचित संस्था. पत्र येताच स्वीकारणारा सर्व्हर अशा याद्यांना विचारणा करतो आणि क्षणार्धात पत्र घ्यावे की नाकारावे हे ठरवतो.

आपले नाव यादीत आहे काय, हे पाहणे अवघड नाही. पत्र परत आले असेल, तर सोबतचा इंग्रजी मजकूर पुसून न टाकता वाचावा. त्यात बहुधा ५५० हा आकडा आणि नकाराचे कारण असते. अनेकदा यादीचे नावही असते. त्यानंतर स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर आपले डोमेन लिहून शोध घ्यावा. ‘एमएक्स टूलबॉक्स’ या संकेतस्थळावर अनेक याद्या एकाच वेळी तपासता येतात. डोमेनबरोबर सर्व्हरचा आयपी पत्ताही तपासावा. एकाच सर्व्हरवर अनेक व्यवसाय नांदत असतात. शेजाऱ्याच्या दोषामुळेही वाट अडते. तसे असल्यास होस्टिंग कंपनीला लेखी कळवावे.

नाव यादीत सापडले, तर आधी कारण शोधावे. पुष्कळदा कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीस गेलेला असतो, किंवा संकेतस्थळावरील संपर्काच्या फॉर्मचा गैरवापर झालेला असतो. कधी दोष घरचाच असतो: विकत घेतलेल्या हजारो पत्त्यांवर, संमती न विचारता, जाहिरात धाडलेली असते. कारण दूर केल्यावरच नाव काढण्याची विनंती करावी. अन्यथा ते पुन्हा यादीत जाते. स्पॅमहाउस या कामासाठी पैसे घेत नाही. म्हणून शुल्क घेऊन नाव काढून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे.

नाव कोणत्याही यादीत नसूनही पत्रे स्पॅमच्या कप्प्यात जात असतील, तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी तपासून घ्याव्यात. पत्र खरोखर त्या डोमेनकडूनच आले आहे, याची ग्वाही त्या देतात. फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलच्या ग्राहकांना धाडणाऱ्यांसाठी या तिन्ही आवश्यक आहेत. शिवाय स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देता कामा नये, म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही अधिक ठरतात.

महिन्यातून एकदा, हिशेब मिळवण्याच्या दिवशीच, ही तपासणी उरकावी. ज्यांनी पत्ता स्वतः दिला त्यांनाच पत्र लिहावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वगळावे. पत जपण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.