भूगर्भातील वायू आणि भूतलावरील जबाबदारी

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस सरोवराच्या परिसरातील सुमारे १,७०० माणसे गुदमरून मरण पावली. भूगर्भातून झिरपून तळाच्या पाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून बाहेर पडला आणि हवेहून जड असल्यामुळे दऱ्याखोऱ्यांतून पसरत गेला. कारखान्यांच्या धुरातला हाच वायू जमिनीत खोल गाडून पृथ्वीची तापमानवाढ रोखावी, असा विचार आज पुढे येत असताना न्योसची आठवण होऊन मनात धास्ती निर्माण होणे स्वाभाविक आहे.

तथापि, ही तुलना तपासून पाहिली पाहिजे. न्योस येथे वायूला दाबून धरणारे होते ते केवळ पाणी. साठवणुकीसाठी निवडतात तो सच्छिद्र खडकाचा थर, आणि त्यावर अभेद्य खडकाचे झाकण असावे लागते. नॉर्वेनजीकच्या स्लाइपनर येथे १९९६ पासून समुद्रतळाखालील वालुकाश्मात लक्षावधी टन वायू सोडण्यात आला आहे. आइसलंडमध्ये पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तोही बेसॉल्टच.

म्हणून सर्वत्र निर्धास्त राहावे काय? कॅलिफोर्नियातील मॅमथ पर्वतावर १९८९ च्या भूकंपमालिकेनंतर जमिनीतून वायू झिरपू लागला आणि उभी झाडे वाळून गेली. २०२० साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ हा वायू वाहून नेणारी नळी फुटली; प्राणहानी झाली नाही, पण अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे दगा दिला तो माणसाने टाकलेल्या नळीने.

तेव्हा खडकाच्या परीक्षेइतकीच व्यवस्थेची परीक्षा महत्त्वाची ठरते. वायू शेकडो वर्षे कोंडलेला राहिला पाहिजे. कंपन्यांचे आणि सरकारांचे आयुष्य तेवढे नसते. तोवर पाळत कोणी ठेवायची, नुकसानभरपाई कोणी द्यायची आणि परिसरातील रहिवाशांना विश्वासात कोणी घ्यायचे, हे पहिली विहीर खोदण्यापूर्वीच कायद्याने ठरले पाहिजे. न्योसच्या दोनच वर्षे आधी, १९८४ साली, त्याच देशातील मोनून सरोवराने ३७ बळी घेतले होते. न्योसच्या तळातील वायू हळूहळू बाहेर काढणारी कायमची नळी बसली ती मात्र २००१ साली. निसर्गाने इशारा दिला होता. तो वेळीच ऐकणारे कोणी नव्हते.